कोल्ड्रिंकची बाटली: साखर किती, ‘सर्व्हिंग’ कोणाचे आणि उन्हात उपयोग किती

अहिवारा (छत्तीसगड) : दुर्ग जिल्ह्यातील अहिवारा हे भिलाईच्या उत्तरेस, भिलाई पोलाद प्रकल्पाला चुनखडी पुरविणाऱ्या नंदिनी खाणींलगत वसलेले छोटे शहर आहे. मे महिन्यात येथील पारा ४० अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे थंडगार कोल्ड्रिंकचा ग्लास ठेवणे, हा मध्य भारतातील इतर गावांप्रमाणे येथेही पाहुणचाराचा भाग झाला आहे. त्या ग्लासातून पाण्याबरोबर किती साखर पोटात जाते, हे बाटलीवर छापलेले असते. वाचले मात्र क्वचितच जाते.

साखरयुक्त कोला पेयात दर १०० मिलिलिटरमागे साधारणपणे १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे २०० मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत २० ते २२ ग्रॅम, तर ६०० मिलिलिटरच्या प्लास्टिक बाटलीत ६० ते ६६ ग्रॅम. चहाचा एक चमचा ५ ग्रॅमचा धरल्यास ही मोठी बाटली १२ ते १३ चमच्यांची होते. त्यातून सुमारे २५० कॅलरी मिळतात. प्रथिने, स्निग्धांश आणि तंतू यांचे प्रमाण शून्य किंवा नगण्य असते. काही कंपन्या साखर कमी करून कृत्रिम गोडवा मिसळतात. त्यामुळे एकाच नावाच्या दोन बाटल्यांचे आकडे सारखेच असतील, असे गृहीत धरता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार अशी साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्य झाल्यास ५ टक्क्यांखाली आणावी. दोन हजार कॅलरींच्या आहारात हे प्रमाण अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. आपल्याकडील वेष्टनावरील टक्केवारी यांपैकी सैल मर्यादेवर, म्हणजे ५० ग्रॅम अतिरिक्त साखरेवर काढली जाते. शिवाय ती ‘एका सर्व्हिंग’ची असते. बाटली ६०० मिलिलिटरची आणि सर्व्हिंग २०० मिलिलिटरचे असेल, तर छापील ४० टक्के प्रत्यक्षात, बाटली एकट्याने संपविणाऱ्यासाठी, १२० टक्के होतात. घाईत बाटली उचलणारा ग्राहक हा गुणाकार करीत नाही.

एवढी साखर जिभेला खटकत का नाही, याचे उत्तर पेय वाढण्याच्या पद्धतीत आहे. गारव्यामुळे गोडी कमी जाणवते आणि वायू व आम्ल यांच्या झिणझिणीखाली ती आणखी दबते. तीच बाटली कोमट व वायू गेलेली असेल, तर पाकासारखी लागते. कार्बन डायऑक्साइड शून्य अंशाच्या पाण्यात २० अंशांच्या तुलनेत जवळपास दुप्पट विरघळतो. म्हणूनच उन्हात तापलेली बाटली उघडताच फसफसून निम्मी जमिनीवर जाते. बाटली आधी नीट गार करून, तिरक्या धरलेल्या ग्लासात कडेने ओतल्यास फेस कमी येतो. बर्फाने पेय पातळ होते, पण पूर्ण ग्लास प्यायल्यास साखर तेवढीच राहते. खरा फरक पडतो तो भांड्याच्या आकाराने. जुन्या गोटी सोड्याची बाटली आपोआप एका माणसापुरती असे. सव्वादोन लिटरच्या घरगुती बाटलीला अशी मर्यादा नाही. लग्नाच्या पंगतीत दीडशे मिलिलिटरचे कागदी पेले ठेवणारे यजमान काटकसरीमुळे का होईना, पाहुण्यांचे भलेच करतात.

दातांचा प्रश्न वेगळा आहे. दातांवरील आवरण साधारण ५.५ पीएचखाली विरघळू लागते आणि कोलाचा पीएच २.५ च्या आसपास असतो. त्यामुळे तासभर घोटघोट पिण्यापेक्षा जेवणासोबत एकदाच पिणे कमी अपायकारक ठरते. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी; लगेच दात घासू नयेत. साखरविरहित प्रकारात कॅलरी नसल्या तरी आम्ल तेवढेच असते. कोलातील कॅफिन हेही लहान मुलांना तो न देण्याचे एक कारण आहे.

उन्हाळ्यात सर्वांत महागात पडणारा गैरसमज मात्र निराळाच आहे. निरोगी माणसाची साधी तहान कोल्ड्रिंकने भागते, कारण त्यात बहुतांश पाणीच असते. पण घामावाटे किंवा जुलाबात गेलेले क्षार त्यातून भरून निघत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर जलसंजीवनीत, म्हणजे ओआरएसमध्ये, १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते. शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेटही असते. एक लिटर कोलात साखर १०० ग्रॅमहून अधिक आणि सोडियम अत्यल्प. इतके दाट गोड पाणी आतड्यात शरीरातीलच पाणी खेचते आणि जुलाब वाढू शकतात. त्यामुळे जुलाब लागलेल्या बाळाला ‘पोट गार पडेल’ म्हणून कोल्ड्रिंक पाजणे धोक्याचे आहे.

छत्तीसगडच्या घरांत उन्हाळ्याची तजवीज पूर्वीपासून आहे. शिजलेला भात पाण्यात भिजवून मीठ व कांद्यासोबत खाल्ली जाणारी बोरे-बासी, ताक आणि कैरीचे पन्हे यांतून पाणी आणि मीठ दोन्ही मिळते. पन्ह्यात गूळ किंवा साखर किती घालायची, हे निदान घरातल्यांच्या हाती असते. जुलाबासाठी मात्र यांपैकी काहीही ओआरएसची जागा घेत नाही. पाकीट विकत घेताना त्यावरील सूत्र वाचावे. गोड पेयांच्या वेष्टनावर ‘ओआरएस’ ही अक्षरे वापरण्याची मुभा भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढून घेतली आहे.