उत्तर न आलेल्या पत्राचं काय करायचं? : खानदेशी व्यापारातल्या पाठपुराव्याचा इतिहास

मागच्या काही व्याख्यानांत आपण बाजारपेठा, रेल्वे, सावकारी असे मोठे विषय घेतले. आज तसा लहान विषय आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतला पाइपवाला, चटईवाला, धुळ्यातला यंत्रसामग्री विकणारा, हे सगळे रोज कुणाला ना कुणाला कोटेशन पाठवतात. त्यातल्या बऱ्याच कोटेशनांना ‘हो’ही येत नाही आणि ‘नाही’ही येत नाही. मग पुन्हा विचारायचं. हल्ली हे विचारण्याचं काम यंत्राकडे सोपवता येतं. तिसऱ्या दिवशी संदेश, सातव्या दिवशी संदेश, सगळं आपोआप. प्रश्न असा की हे काम मुळात कोण करत होतं, कसं करत होतं, आणि यंत्राकडे देताना त्यातलं नेमकं काय द्यायचं?

सुरुवातीलाच दोन शब्द वेगळे करून घेऊ. एक तगादा आणि दुसरा पाठपुरावा. तगादा हा फारसी-अरबी वळणाचा शब्द. ज्याच्याकडे आपलं येणं आहे, त्याच्यामागे लावायचा तो तगादा. तिथे समोरचा देणं लागतो. कोटेशन ज्याला दिलं तो आपलं काहीच देणं लागत नाही, साधं उत्तरसुद्धा नाही. त्याच्यामागे लागायचं, पण तो ऋणको नाही हे विसरायचं नाही, हा पाठपुरावा. आपल्याकडे बरेच घोटाळे होतात ते पाठपुराव्याला तगाद्याचा सूर लागल्यामुळे.

रुमालाखालचं उत्तर

आता मागे जाऊ. जुन्या कापूस बाजारात किंवा बैलबाजारात सौदा कसा व्हायचा? दलाल रुमालाखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. शेतकऱ्याला ही पद्धत घातक होती, कारण भाव उघड होत नसे. म्हणून तर पुढे 1927 चा मुंबई कापूस बाजार कायदा आला, नियंत्रित बाजार आले, उघड लिलाव आले. पण आपल्या विषयापुरतं एवढंच लक्षात घ्या, की रुमालाखाली असो की उघड लिलावात, उत्तर तिथल्या तिथे मिळायचं. पाठपुराव्याला जागाच नव्हती.

पाठपुरावा जन्माला येतो तो अंतरातून. विचारणारा एका गावी, उत्तर देणारा दुसऱ्या गावी. खानदेशात हे अंतर एकदम वाढलं ते 1860 च्या दशकात. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि लँकशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या. त्याच दशकात जी. आय. पी. रेल्वे भुसावळमार्गे पुढे सरकत 1867 मध्ये नागपूरला पोचली. 1865 मध्ये इराणी आखातातून युरोपशी तारेचा संबंध जुळला आणि 1870 मध्ये समुद्राखालची केबल मुंबईला आली. म्हणजे तापीकाठचा कापूस आणि लिव्हरपूलचा भाव एका तारेवर आले.

बघा, तारेचे पैसे शब्दागणिक. त्यामुळे परदेशी व्यापारी कंपन्यांनी सांकेतिक शब्दांची पुस्तकंच केली. एका शब्दात एक वाक्य. आणि तारेने दिलेल्या प्रस्तावाला मुदत जोडायची रीत पडली. अमुक भावाने अमुक गाठी, उत्तर अमुक दिवसापर्यंत इथे पोचावं, नाहीतर प्रस्ताव संपला. आठवण करून द्यायला पुन्हा तार करायची तर पुन्हा पैसे. त्यापेक्षा मुदतच आठवण करून देईल! आपल्या अर्थाने हा पहिला आपोआप चालणारा पाठपुरावा म्हणायला हरकत नाही.

कायद्यानेही हेच मांडलं. 1872 चा भारतीय करार कायदा, जो आजही लागू आहे, तो सुरूच होतो प्रस्तावाच्या व्याख्येने. त्याचं सहावं कलम सांगतं, की प्रस्तावात दिलेली मुदत उलटली की प्रस्ताव संपतो. आणि मुदत दिलीच नसेल तर वाजवी काळ गेल्यावर संपतो.

मग गप्प राहिलेल्या माणसाचं काय? याच्यावर इंग्लंडमध्ये 1862 चा एक गमतीदार खटला आहे. फेल्टहाऊस नावाच्या काकाने पुतण्याचा घोडा घ्यायचा ठरवला. 30 पौंड 15 शिलिंग किंमत कळवली आणि लिहिलं, तुझं काही उत्तर आलं नाही तर घोडा माझा झाला असं मी समजेन. पुतण्याने उत्तर दिलं नाही. पुढे बिंडली नावाच्या लिलाववाल्याने तो घोडा चुकून विकून टाकला. काका कोर्टात गेले आणि हरले. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, असं कोर्टाने ठरवलं. आपण मराठीत ‘मौनं सर्वार्थसाधनम्’ म्हणतो, पण व्यापारात मौनाने विकणाऱ्याचा एकही अर्थ साधत नाही. मौन वाचता यावं लागतं.

मायना, पोस्टकार्ड आणि बारनिशी

हे वाचायचं कसब कुणाकडे होतं? मुनीम, गुमास्ता आणि दलाल यांच्याकडे. पण त्यांच्या हाताशी साधनंही होती, आणि ती आपण समजतो त्यापेक्षा फार जुनी आहेत.

आज आपण ज्याला टेम्प्लेट म्हणतो, त्याला आपल्याकडे मायना म्हणत. कुणाला कोणता मायना लिहायचा याचे ठरलेले नमुने होते. हेमाद्रीच्या नावावर सांगितलं जाणारं मेस्तक हे कारकुनांसाठी अशाच नियमांचं टिपण. वरिष्ठाला वेगळी सुरुवात, बरोबरीच्याला वेगळी, शेवटी ‘लोभ असावा ही विनंती’. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे. असे जुने कागद वाचताना पत्राचा चाकोरीतला भाग आणि कामाचा भाग चटकन वेगळे दिसतात. चाकोरी तयार असायची, मजकूर माणूस भरायचा. तेव्हा ठरीव मजकूर वापरला की आपुलकी जाते, असं सरसकट म्हणायचं कारण नाही.

मग 1879 मध्ये हिंदुस्थानात पोस्टकार्ड आलं, किंमत पाव आणा. त्याआधी 1877 मध्ये व्ही. पी. पद्धत आली होती, 1880 मध्ये पोस्टाने मनीऑर्डर हाती घेतली. माल, पैसा आणि आठवण या तिन्ही गोष्टी पोस्टमनच्या पिशवीत आल्या. ज्या आठवणीसाठी पूर्वी माणूस पाठवावा लागे, ती पाव आण्यात जाऊ लागली.

आणि तिसरं साधन म्हणजे बारनिशी, आवक-जावक नोंदवही. कोणतं पत्र कधी गेलं, उत्तर कधी आलं, हे तारीखवार नोंदवायचं. जावकेसमोर आवक नसेल तर ते पत्र अजून लोंबकळतंय, हे बोट फिरवलं की कळतं. आजचं ग्राहक-नोंदीचं सॉफ्टवेअर उघडून बघा, तिच बारनिशी आहे. फरक एवढाच की बोट आता यंत्र फिरवतं.

पण वहीत एक गोष्ट नव्हती, ती मुनिमाच्या डोक्यात होती. गप्प का आहे? पाऊस लांबला म्हणून? घरात लग्न निघालं म्हणून? की भाव दुसऱ्याकडे स्वस्त मिळाला म्हणून? पहिल्याला थांबायचं, दुसऱ्याला आहेराला जायचं, तिसऱ्याकडे त्याच दिवशी गाठ घालायची. तीन मौनं, तीन उत्तरं. आणि याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे सगळं ज्ञान एका माणसाच्या डोक्यात असे. मुनीम गेला की पेढीची निम्मी स्मरणशक्ती गेली. वह्या उरायच्या, अर्थ लावणारा उरायचा नाही.

तेलाच्या डब्यापासून ठिबकपर्यंत

विसाव्या शतकात खानदेशातून कच्च्या मालाबरोबर तयार मालही बाहेर जाऊ लागला. 29 डिसेंबर 1945 रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यासाठी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदवली. 1966 मध्ये त्यांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी आले, आणि पुढे हीच विप्रो संगणकाच्या धंद्यात शिरली. म्हणजे आपण ज्या संगणकी यंत्रणेबद्दल बोलतोय, त्या धंद्यातल्या एका मोठ्या नावाचं मूळ अमळनेरात आहे.

दुसरं उदाहरण वाकोदच्या भवरलाल जैन यांचं. 1963 मध्ये सात हजार रुपयांच्या घरच्या पुंजीवर रॉकेल विक्रीपासून सुरुवात, मग पपेन, 1980 च्या सुमारास पीव्हीसी पाइप आणि त्या दशकाच्या शेवटी ठिबक. आता ठिबक विकणं ही तूप विकण्यासारखी गोष्ट नाही. शेत मोजायचं, विहिरीचं पाणी बघायचं, आराखडा काढायचा, मग कोटेशन. शेतकरी ‘बघतो’ म्हणतो. या ‘बघतो’मध्ये केळीचा भाव, बँकेचं कर्ज, अनुदानाची फाइल आणि घरातला सल्ला एवढं सगळं असतं. अशा वेळी आठवण करून देणारा माणूस पिकातलं जाणणारा असेल तर त्याची फेरी उपयोगाची. नाहीतर तो नुसता तगादा.

आज ठिबकच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. निवड झाली की मोबाइलवर संदेश येतो, मग कोटेशनसारखे कागद ठरल्या वेळेत चढवायचे. संदेश यंत्राने वेळेवर पाठवला, पण नंबर मुलाचा आणि मुलगा पुण्यात, तर मुदत कुणाला कळणार? यंत्राच्या लेखी मात्र आठवण दिली गेली. पाठवलेली आठवण आणि पोचलेली आठवण यांत फरक आहे. 1872 च्या कायद्याचं चौथं कलमही हेच म्हणतं: प्रस्ताव समोरच्याला कळला, तेव्हाच तो पोचला.

फुकट आठवणीची किंमत

आता सगळा प्रवास एका रेषेत ठेवा. माणूस, तार, पोस्टकार्ड, टेलिफोन, मोबाइल, आणि 2018 पासून व्यापारासाठीचं व्हॉट्सअॅप. प्रत्येक पायरीला आठवण स्वस्त झाली, ती पाठवणाऱ्याला. घेणाऱ्याला ती महाग होत गेली. जळगावहून चोपड्याला गाडी करून आलेल्या माणसाला लोक चहा तरी पाजायचे, कारण त्याने दिवस खर्च केला हे दिसायचं. आपोआप आलेल्या संदेशामागे कुणी काहीच खर्च केलेलं नाही, हे समोरच्यालाही कळतं. म्हणून नियम करावे लागले. 2018 मध्ये ट्रायने व्यापारी संदेशांसाठी नवे नियम केले. व्हॉट्सअॅपवरही ग्राहकाच्या शेवटच्या संदेशानंतर 24 तास उलटले, की आधी मंजूर करून घेतलेल्या मजकुरानेच कंपनीला यंत्रणेमार्फत सुरुवात करता येते. मायना परत आला बघा!

मग लहान कारखानदाराने काय करावं? यंत्र नाकारू नये. दोन-चार माणसांच्या कचेरीत पाठवलेलं कोटेशन विसरलं जातं, आणि विसरलेल्या कोटेशनमागे कामगारांचा रोजगार असतो. इतिहासातून आम्हाला निघणारा निष्कर्ष असा: तारीख यंत्राला द्यावी, मौन माणसाने वाचावं. प्रत्येक कोटेशनवर मुदत लिहावी. यंत्राने एक आठवण मध्ये द्यावी, एक मुदतीच्या आदल्या दिवशी. उत्तर आलं, अगदी ‘नंतर सांगतो’ एवढं जरी आलं, तरी यंत्र त्या क्षणी थांबलं पाहिजे आणि पुढचा फोन माणसाचा हवा. तो कारण विचारेल आणि नोंदवहीत लिहील, म्हणजे ते एका डोक्यात अडकणार नाही. आणि वेळापत्रकाला आपलं वर्ष शिकवावं. पोळ्याला आणि आखाजीला खानदेशात कुणी कोटेशनचा विचार करत नाही. कापसाचा पैसा दिवाळीच्या आसपास हातात यायला लागतो. सातवा दिवस यंत्राला कळतो, आखाजी आपल्यालाच सांगावी लागते.

मुदत संपली, उत्तर नाही आलं, तर एक शेवटचं पत्र: भाव आता बदलू शकतो, गरज पडली तर जरूर कळवा, लोभ असावा. आणि मग खरोखर थांबायचं. जुन्या पेढ्यांना दार उघडं ठेवून परत फिरता येत होतं. पाठपुराव्यातलं हे शेवटचं काम अजून तरी यंत्र आपण होऊन करत नाही. ते आपल्याला ठरवून द्यावं लागतं.

इथे थांबतो. आपल्या घरी जुन्या पेढीच्या वह्या, बारनिशी किंवा छापील पोस्टकार्डं असतील तर ती रद्दीत देऊ नका, एवढी विनंती. आता प्रश्न घेऊ.