सांपडविणाराचें नांव

इ. स. १८७० मध्यें पूर्वींच्या मध्यप्रांतांतील गुंगेरिया (जि. बालाघाट) येथें गुरें राखणाऱ्या दोन मुलांस तांब्याच्या ४२४ वस्तु व रुप्याचे १०२ पत्रे सांपडले. त्यांपैकीं कांहीं आज नागपूर व लंडन येथील संग्रहालयांत आहेत. परंतु प्रचलित वर्णनांत त्या मुलांचीं नांवें आढळत नाहींत. रेव्हरंड हिस्लॉप हेहि हौशीच संशोधक, व्यवसायानें मिशनरी. टाकळघाटचीं शिलावर्तुळें पाहून परततांना १८६३ मध्यें ते बुडून वारले. त्यांचें नांव नागपुरांत महाविद्यालयास आहे. तेव्हां भेद हौशी व व्यावसायिक एवढाच नसून सामाजिक स्थानाचाहि आहे.

स्त्रियांविषयींहि तेंच. १९४४ मध्यें गुजराथेंत लांघणज येथें सांकलियांसह काम करणाऱ्या विदुषी इरावती कर्वे यांचें नांव राहिलें; उत्खननांत डोक्यावर मातीची पाटी वाहणारी स्त्री अहवालांत बहुधा केवळ ‘मजूर’ असते. ताम्रपट शेतकऱ्याच्या नांगरास लागतो, श्रेय वाचणाऱ्या आम्हां संस्कृतज्ञांस मिळतें.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, वस्तूच्या टिपणांत सांपडविणाराचें नांवहि लिहावें. यांत केवळ उपकार फेडणें नाहीं. वस्तु नेमकी कोठें व कशी पडली होती, याचा पहिला साक्षीदार तोच, किंवा तीच, होय.