मार्लेची साखळी आणि सावकाराची वही

‘अ ख्रिसमस कॅरल’ हे चार्ल्स डिकन्सचं छोटं पुस्तक 19 डिसेंबर 1843 ला लंडनमध्ये निघालं आणि नाताळच्या आत सहा हजार प्रती संपल्या. गोष्ट आपल्याला माहीत असते: कंजूष स्क्रूज, नाताळची रात्र, तीन भुतं, सकाळी पालटलेला माणूस. पण स्क्रूजचा धंदा काय, हे आपण सहसा विचारत नाही. यवतमाळात हा प्रश्न आधी विचारायला हवा.

स्क्रूज व्याजानं पैसे देतो. शेवटचं भूत त्याला एक तरुण जोडपं दाखवतं. त्यांच्यावर कर्ज आहे, फेडीची मुदत गळ्याशी आली आहे. सावकार मेल्याची बातमी येते आणि त्यांना हायसं वाटतं. या मरणानं कुणाच्या काळजात काही हललं का, असं स्क्रूजनं विचारलं होतं. त्याचं हे उत्तर.

डिकन्सला कर्ज घरातूनच माहीत होतं. 1824 मध्ये एका पाववाल्याच्या देण्यापायी त्याचे वडील मार्शलसी तुरुंगात गेले आणि बारा वर्षांचा पोरगा बूट-पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर कागद चिकटवू लागला. पुढे 1834 च्या कायद्यानं गरिबांची मदत सक्तीच्या कामघरांशी बांधली. वर्गणी मागायला आलेल्यांना स्क्रूज तुरुंग आणि कामघरं दाखवतो, ते या कायद्याचंच तर्कशास्त्र आहे. ऑक्टोबर 1843 मध्ये डिकन्स मँचेस्टरला भाषणासाठी गेला होता, तिथेच गोष्टीचा आराखडा मनात बसला. मँचेस्टर म्हणजे कापसाच्या गिरण्या. पुढे वऱ्हाडचा कापूसही त्याच बाजारभावाशी बांधला गेला.

आपल्याकडेही अशी समजूत आहेच. पैसा पुरून मेलेला कंजूष नाग होऊन हंड्यावर बसतो, असं आजी सांगायची. मार्लेचं भूत मात्र हंडा राखत नाही, साखळी ओढतं. आणि ती साखळी कशाची? तिजोऱ्या, किल्ल्या, कुलुपं, हिशेबाच्या वह्या आणि दस्तऐवज यांची.

आता दख्खनमध्ये या. 12 मे 1875, पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कर्जखतांवर आणि वह्यांवर होता; ते कागद मागून घेऊन जाळले गेले. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं, कापसाचे चढे भाव कोसळले, सारा आणि व्याज मात्र राहिलं, ही त्यामागची पार्श्वभूमी. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सावकाराबरोबर सरकारी कामगारांनाही धरलं, ते याच काळात. 1879 चा दख्खन शेतकरी मदत कायदा पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हताच. इथला कापूसकरी सव्वाई-दीडीच्या हिशेबातच राहिला.

पालटलेला स्क्रूज टर्की पाठवतो, कारकुनाचा पगार वाढवतो, वर्गणी देतो. त्या कर्जदार जोडप्याकडे मात्र पुस्तक पुन्हा वळतच नाही! त्यांचं खातं माफ झालं का, आपल्याला कळत नाही. हे डिकन्सचं अपयश म्हणायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. एका माणसाचं मन पालटू शकतं, एवढंच त्याला दाखवायचं होतं, आणि ते छोटं काम नाही. पण मन पालटल्यानं वही आपोआप मिटत नाही, हेही आपण विसरू नये.

जुलै 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी यवतमाळसह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. 2014 मध्ये सावकारीचा नवा कायदा आला. अवैध सावकारीत गेलेली जमीन परत मिळवण्याची वाट त्यात आहे, पण अर्ज, पुरावा आणि सुनावणी यांतून जाणारी. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीनं केलं. डिकन्सला सुखवस्तू वाचकापुढे कर्जदाराचं घर आणायला भूत लागलं. इथे ते घर स्वतः मंचावर आलं होतं, आणि टाळ्या वाजवून झाल्यावर त्याच्या खात्याचं काय करायचं, हा प्रश्न समोर बसलेल्यांचा होता. आपलाही आहे.