मुकी टेस्ट

'नॉट ओके १७'. पडद्यावर एवढंच होतं. रात्रीचे अडीच वाजलेले आणि सकाळी बॅकअपची नवी शेल स्क्रिप्ट चालू करायची होती. सतरावी टेस्ट बॅकअपमधून डेटाबेस पुन्हा उभा करायची आणि नोंदींची संख्या जुळते का बघायची. का जुळली नाही, यावर चकार शब्द नाही. मग सगळे करतात तेच मी केलं : परत चालवली. पास झाली. मी झोपलो.

तीन आठवड्यांनी डिस्क गेली. बॅकअपच्या फाइल्स उघडल्या, तर शेवटच्या नऊ दिवसांच्या फाइल्स प्रत्येकी २० बाइटच्या. रिकामा मजकूर पाइपमधून जीझिपला दिला की एवढीच फाइल होते. डेटाबेसला जोडणी न मिळाल्याने आधीची कमांड मरत होती. जीझिप मात्र ते शून्य इमानेइतबारे दाबून 'सगळं ठीक' म्हणत होता, आणि शेल पाइपमधल्या शेवटच्याचंच ऐकतं. नऊ दिवसांच्या पावत्या ऑफिसातल्या दोघींनी कागदांवरून पुन्हा टाइप केल्या. त्यांच्यासमोर मला चहा पिववेना.

तेव्हापासून हा मुकेपणा आला कुठून, हे मी शोधत आलो.

स्टीफन बोर्न यांचं शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडलं. बोर्न अल्गोल ६८चे भक्त. म्हणून 'इफ' उलटं करून 'फी', 'केस' उलटं करून 'इसॅक'. 'डू'चं 'ओडी' मात्र करता आलं नाही, कारण त्या नावाची कमांड आधीच होती, म्हणून 'डन'. त्या काळी 'टेस्ट' हा एक वेगळा छोटा प्रोग्राम होता. त्याने खरं-खोटं ठरवून एक आकडा परत करायचा, शून्य म्हणजे खरं. तो 'इफ'शी बोलायचा, माणसाशी नाही. त्याने गप्प राहणं हा त्याचा गुणच होता. आम्ही पुढे त्यालाच परीक्षक म्हणून बसवलं, ही चूक आमची.

बोर्न यांनी 'सेट -एक्स'ही दिलं होतं : प्रत्येक कमांड चालण्याआधी छापून दाखवायची. पुढे कॉर्न शेलने 'पीएस४' दिलं, त्यात ओळीचा क्रमांक घालता येतो. साधनं होती. पण नापास झाल्यावर ती चालू करून परत चालवायचं, म्हणजे चोर गेल्यावर दिवा लावायचा. अधूनमधून नापास होणारी टेस्ट दुसऱ्यांदा कशाला सापडेल?

या बाबतीत मी सर्वांत जास्त शिकलो गिटच्या टेस्टांकडून. २००५ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाच्या बहुतेक टेस्टा आजही शेलमध्येच आहेत. २००८मध्ये तिथे 'टेस्ट_सीएमपी' आलं : दोन फाइल्स वेगळ्या निघाल्या तर नेमकं काय वेगळं, ते तिथल्या तिथे दाखवायचं. फाइल आहे का, ओळी किती, यांसाठीही तशीच बोलकी फंक्शनं आली. टेस्ट नापास झाली तर तिचा कामाचा फोल्डर पुसत नाहीत, पंचनाम्यासाठी ठेवतात.

पण मला सर्वांत आवडते ती २०१५मधली जेफ किंग यांची युक्ती. टेस्टमधल्या कमांडी '&&'ने साखळीसारख्या जोडलेल्या असतात; एखादी कडी विसरली, तर मधलं अपयश गिळलं जातं आणि टेस्ट खुशाल पास होते. हजारो टेस्टांत ती विसरलेली कडी शोधायची कशी? त्यांनी साखळीच्या सुरुवातीला मुद्दाम एक अपयश जोडलं, ११७ हा आकडा परत करणारं. एरवी सहसा कोणी ११७ देत नाही. साखळी अखंड असेल तर दुसरं काही न चालता ११७च बाहेर येईल. दुसरं काही आलं, तर कुठेतरी तुटली आहे. घरातल्या नळाची गळती शोधायला टाकीत रंग टाकावा, तसं.

माझ्या पाइपचा इलाज 'पाइपफेल' हा पर्याय होता. तोही कॉर्न शेलमधूनच आलेला, बॅशमध्ये २००४पासून. पॉसिक्स मानकात शिरायला मात्र २०२४ उजाडलं. माझ्या स्क्रिप्टमध्ये तो एका ओळीत बसला. सतराव्या टेस्टला तीन ओळी वाढल्या : अपेक्षित नोंदी किती, मिळाल्या किती, बॅकअपची फाइल किती बाइटची. शिवाय तो फोल्डर आता पुसत नाही. डिस्क भरते म्हणून सहकारी कुरकुरतात, पण तो मी पुसू देत नाही.