शुद्धीत असताना

आपल्या भोजचे आचार्य शांतिसागर महाराज 1955 साली कुंथलगिरीवर सल्लेखनेला बसले. दृष्टी अधू होत चालली होती. पायाखालचा जीव दिसत नसेल, तर मुनीने पाऊल कसं टाकायचं? मुनिधर्म नीट पाळता येणार नाही, हे ओळखून त्यांनी आहार सोडला आणि 18 सप्टेंबरला देह ठेवला. मधले दिवस त्यांनी नुसते पडून काढले नाहीत. आचार्यपद सोडलं आणि ते दूर राजस्थानात असलेल्या वीरसागर महाराजांना दिल्याचं कळवलं. सगळ्यांची क्षमा मागितली, मराठीतून शेवटचा उपदेश केला. पदाचं काय, संघाचं काय, देहाचं काय, तिन्ही गोष्टी स्वतःच्या तोंडाने सांगून झाल्या. मागे कोणाला अंदाज बांधावा लागला नाही.

समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेची कारणं मोजून दिली आहेत: टळणार नाही असा उपसर्ग, दुष्काळ, म्हातारपण आणि रोग. पण या सगळ्याला एक अट आहे. घेणारा शुद्धीत हवा. मन ठिकाणावर नसेल तर ते व्रत नव्हे. आता मुनींचं ठीक आहे हो, आपण श्रावक माणसं. आपल्या जवळ ना संघ, ना निर्यापक. आपल्याजवळ असतात घर, थोडं सोनं, बँकेतली ठेव आणि एखाद्या रात्री अतिदक्षता विभागाच्या दारात पुढे केलेला संमतीचा कागद. मग आपलं म्हणणं कोण सांगणार?

आधी घर-सोन्याचं पाहू. आपल्या भागात मृत्युपत्र लिहूनच ठेवायचं ही रीत फार जुनी नाही. 1870 च्या हिंदू विल्स ॲक्टमध्ये हिंदूंबरोबर जैनांचंही नाव होतं, पण तो कायदा लागू होता बंगालच्या मुलखाला आणि मुंबई-मद्रास शहरांना. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात असलं तरी शहराबाहेरचा मुलूख. त्यामुळे इकडे चार लोकांसमोर तोंडाने सांगितलेलंही मृत्युपत्र म्हणून चालायचं. 1 जानेवारी 1927 पासून ते बंद झालं. त्या तारखेपासून हिंदू, बौद्ध, शीख, जैन कोणीही मृत्युपत्र केलं तरी ते लेखी हवं, करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा आणि दोन साक्षीदारांनी साक्ष घातलेली हवी. हीच अट आजही आहे. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, भाषा कोणतीही चालते. साध्या वहीच्या पानावर मराठीत लिहिलं तरी पुरतं. फक्त ज्याला काही द्यायचं, त्याला किंवा त्याच्या नवरा-बायकोला साक्षीदार करू नये.

बायकांच्या बाबतीत जैन रिवाज एकेकाळी बराच उदार होता. 1878 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे दाखो नावाच्या उत्तरेकडच्या एका जैन विधवेचा दावा गेला. निपुत्रिक जैन विधवेला नवऱ्याने स्वतः कमावलेल्या मिळकतीवर पूर्ण हक्क आहे आणि दत्तक घ्यायला तिला कोणाची परवानगी लागत नाही, हा त्यांच्यातला रिवाज तिथे मान्य झाला. त्याच काळात हिंदू विधवेला मिळकत फक्त हयातीपुरती मिळत होती. पण हा रिवाज दर वेळी कोर्टात पुराव्याने सिद्ध करावा लागे. नाही झाला, तर जैनांनाही हिंदू कायदाच लावत. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात जैन धरले गेले आणि बाईची मिळकत पूर्णपणे तिची झाली.

तिची झाली खरी, पण तिच्या मागे कोणाची? याच कायद्याचं पंधरावं कलम आपल्या बायकांनी एकदा तरी वाचावं. बाई मृत्युपत्र न करता गेली, तर आधी मुलंबाळं आणि नवरा. ते नसतील तर तिची स्वतःची कमाई जाते नवऱ्याच्या वारसांकडे, आई-वडिलांचा नंबर त्यांच्यानंतर. नारायणी देवींचं असंच झालं. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा वारला, सासरच्यांनी बाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, त्या नोकरीला लागल्या. 1996 साली त्या गेल्या तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. आईने पैशांवर हक्क सांगितला. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला सासरच्यांच्या बाजूने, कारण कलमात तसं लिहिलंय. दोन साक्षीदारांसमोर केलेलं एक पान असतं, तर आईला कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

दुसरा कागद मुखत्यारपत्राचा. त्याचा कायदा 1882 चा. बँक, भाडं, शेताची कामं दुसऱ्याकडून करून घ्यायला तो उपयोगी. पण घरोघरी एक समजूत पक्की असते, की मुलाच्या नावे मुखत्यारपत्र केलं म्हणजे म्हातारपणाची सोय झाली. तसं नाही. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे साधं मुखत्यारपत्र देणारा वारला की संपतं, आणि त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही तरी संपतं. म्हणजे स्मृतिभ्रंशाने आईला नावं आठवेनाशी झाली, की ज्या दिवशी त्या कागदाची खरी गरज, त्याच दिवशी त्याचा आधार जातो. मग न्यायालयाकडून पालक नेमून घेण्यावाचून इलाज नसतो. मुखत्यारपत्रावर घर विकत घेतलं म्हणून ते आपलं होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केलंय.

याच मधल्या काळासाठी, म्हणजे माणूस जिवंत आहे पण बोलू शकत नाही, तेव्हासाठी आपल्याकडे बरीच वर्षं कागदच नव्हता. ही उणीव देशाला दिसली अरुणा शानबाग यांच्यामुळे. उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरच्या या परिचारिकेवर मुंबईच्या केईएम रुग्णालयात नोव्हेंबर 1973 मध्ये हल्ला झाला आणि त्या पुन्हा कधी भानावर आल्या नाहीत. 2009 साली त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला, तेव्हा प्रश्न पडला की त्यांच्या वतीने बोलायचं कोणी? न्यायालयाने मान दिला तो इतकी वर्षं त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या लोकांच्या शब्दाला. त्यांनी अरुणाताईंना जगू द्या म्हटलं, अर्ज फेटाळला गेला. 18 मे 2015 रोजी त्या गेल्या. एवढ्या 42 वर्षांत त्यांना स्वतःला काय हवं होतं, हे कोणालाच विचारता आलं नाही.

त्याच वर्षी 10 ऑगस्टला राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा म्हणजे आत्महत्या ठरवली. आपला समाज गावोगावी मूक मोर्चाने रस्त्यावर आला आणि महिनाअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तीन वर्षांनी, 9 मार्च 2018 रोजी, पाच न्यायमूर्तींनी सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. दोन्ही गोष्टी एक नव्हेत, याचं भान हवं. सल्लेखना हे व्रत आहे, कषाय कमी करण्याचं. लिव्हिंग विलमध्ये एवढंच की बरं होण्याची आशा उरली नसेल, तर नळ्या-यंत्रांनी देह ओढत ठेवू नका. पण दोन्हींत निर्णय शुद्धीत असताना व्हायला हवा.

2018 ची पद्धत इतकी किचकट होती की प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. 24 जानेवारी 2023 ला ती सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. आपल्या वतीने बोलणाऱ्या जवळच्या माणसांची नावं त्यात लिहायची. एक प्रत नगरपालिका, महापालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक घरच्या डॉक्टरकडे. वेळ आली तर रुग्णालयाचं एक मंडळ आणि नंतर दुसरं मंडळ तपासतं, दोघांचं एकमत हवं, आणि अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवावं लागतं. आपल्या कर्नाटक सरकारने 30 जानेवारी 2025 ला यासाठी परिपत्रकही काढलं.

आपल्या घरांत मरणाचं नाव काढलं की सुनेला वाटतं सासूबाई रुसल्या, मुलाला वाटतं आई खचली. आणि त्याच घरांत दर पर्युषणात समाधिमरणाची भावना आपण तोंडाने म्हणतो. या दशलक्षणात उत्तम त्यागाच्या दिवशी घरातल्या सगळ्यांना बसवावं आणि विचारावं: सोनं कोणाला, सही कोणाची, आणि मी बोलेनाशी झाले तर डॉक्टरांना काय सांगाल? उत्तरं वहीत उतरवून घ्यावीत आणि ती वही घेऊन त्याच आठवड्यात वकिलाकडे जावं.