फर्मवेअर चिप : पुनर्लेखन व पुनःप्राप्ती

संगणक सुरू करणाऱ्या प्राथमिक आज्ञा ज्या लहान स्मृतिचिपमध्ये साठविलेल्या असतात, ती मदरबोर्डवरील चिप. वीज मिळताच प्रक्रियक पहिली आज्ञा हिच्यातूनच घेतो. त्यामुळे तीतील मजकूर बिघडल्यास इतर सर्व भाग सुस्थितीत असूनही संगणक सुरू होत नाही. पुनर्लेखन जसजसे सुलभ होत गेले, तसतसा हा धोकाही वाढत गेला.

‘फर्मवेअर’ ही संज्ञा ॲशर ऑप्लर यांनी १९६७ मध्ये रूढ केली. प्रारंभी असा मजकूर चिप बनवितानाच कायम केला जाई. चूक राहिल्यास चिप बदलणे हाच उपाय असे. १९७१ मध्ये इंटेल कंपनीतील डॉव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम ही पुसता येणारी चिप पुढे आणली. तीत निरोधक थराने वेढलेल्या भागात विद्युत् भार अडकवून मजकूर साठविला जाई. क्वॉर्ट्‌झच्या खिडकीतून जंबुपार किरण सोडले म्हणजे तो भार निघून जाई. यासाठी चिप मदरबोर्डवरून काढावी लागत असल्याने ती नकळत पुसली जाण्याचा संभव फारसा नव्हता.

विजेने झटपट पुसता येणारी फ्लॅश स्मृती तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जाहीर केली. इंटेलने आपली फ्लॅश चिप १९८८ मध्ये बाजारात आणली. इंटेलच्या या पहिल्या फ्लॅश तंत्राच्या सहसंशोधकांत पुण्यात जन्मलेले अभियंते विनोद धाम यांचा समावेश होतो. आता चिप जागेवरच, संगणकातील आज्ञावलीने लिहिता येऊ लागली. अर्थात घातक आज्ञावलीलाही तीच वाट मोकळी झाली. तैवानमधील चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने १९९८ मध्ये लिहिलेला सीआयएच व्हायरस २६ एप्रिल १९९९ रोजी अनेक देशांत कार्यान्वित झाला. त्याने हार्ड डिस्कवरील माहितीबरोबरच काही प्रकारच्या मदरबोर्डवरील फ्लॅश चिपमधील मजकूरही नष्ट केला.

अशा वेळी चिप सहसा जळालेली नसते. केवळ मजकूर गेलेला असतो. ती खोबणीत बसविलेली असल्यास काढून, अथवा डाख दिलेली असल्यास पायांना चिमटा लावून, प्रोग्रामर या उपकरणाने पुन्हा लिहितात. तत्पूर्वी मदरबोर्डचा वीजपुरवठा पूर्णपणे तोडतात. चिपला ३.३ व्होल्ट लागतात की १.८, हे पाहणे आवश्यक असते. जादा दाबाने ती कायमची निकामी होऊ शकते. शिल्लक मजकूर दोनदा वाचून, दोन्ही प्रती जुळल्यावरच जतन करतात, कारण त्यात त्या मदरबोर्डचा अनुक्रमांक व जाळ्यातील पत्ता यांसारखी अन्यत्र न मिळणारी माहिती असू शकते. नंतर त्याच नमुन्याच्या मदरबोर्डची फाइल लिहून ती पुन्हा वाचून पडताळतात.

संगणकाद्वारेच पुनर्लेखन करताना मध्येच वीज जाणे हे अपयशाचे नेहमीचे कारण होय. भारनियमन अनुभवलेल्या प्रदेशांत म्हणूनच यूपीएस जोडल्याविना हे काम करणे जोखमीचे ठरते. पुढे उत्पादकांनी चिपचा प्रारंभीचा भाग लेखनापासून सुरक्षित ठेवण्याची, तसेच काही मदरबोर्डवर दुसरी राखीव चिप बसविण्याची पद्धत अवलंबिली. पुनर्लेखन फसले, तरी न बदललेल्या या भागाच्या आधारे संगणक पुन्हा सुरू करता येतो.