जिन, संत्रा आणि पहिल्या धारेची: पालघरच्या दारूचा दीडशे वर्षांचा हिशेब

(पालघर इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलीभाषेचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

विषय जाहीर झाल्यापासून एकच प्रश्न येतोय, चाखायला देणार का? नाही. (हशा) तशी इच्छा असली तरी परवान्याची अडचण आहे, आणि परवाना हाच आजचा खरा विषय आहे.

बोईसर स्टेशनबाहेरच्या एखाद्या वाइन शॉपमध्ये आजचा तरुण जिन घ्यायला उभा राहतो. त्याचे प्रश्न तीन असतात. चव कशी, किंमत किती, आणि इथे मिळते का? तो मोबाइलवर चार जिनची तुलना करतो. गोव्यात बनलेली, नाशिकला मित्राकडे प्यालेली, विमानतळावरून आणलेली. चांगली गोष्ट आहे. पण या तीन प्रश्नांची उत्तरं आपल्या भागात 1878 पासून बऱ्याच अंशी सरकारने आधीच देऊन ठेवलेली आहेत. चवीचंसुद्धा.

आधी जिन म्हणजे काय ते पाहू. धान्याचा किंवा उसाच्या मळीचा अतिशय शुद्ध, जवळजवळ बेचव अल्कोहोल घ्यायचा आणि त्याला ज्युनिपरच्या फळांचा, धण्याचा, लिंबाच्या सालीचा वास द्यायचा. ज्युनिपरला संस्कृतात हपुषा म्हणतात आणि गोव्यातल्या एका जिनचं नावच ‘हपुसा’ आहे. आता आपल्या देशी दारूच्या दुकानातला ‘संत्रा’ घ्या. मळीचा शुद्ध अल्कोहोल, त्याला संत्र्याचा वास. कृतीच्या दृष्टीने स्वस्त जिन आणि संत्रा हे चुलत भाऊ आहेत. चांगल्या जिनमध्ये मसाले घालून पुन्हा ऊर्ध्वपातन करतात, फरक आहे तो तिथे. पण दोन्हींच्या बाटल्यांवर बारीक अक्षरांत बहुधा एकच आकडा दिसेल, 42.8 टक्के. हा विचित्र आकडा आला कुठून? जुन्या ब्रिटिश मापात ‘प्रूफ’ दारू म्हणजे साधारण 57.1 टक्के अल्कोहोल. त्याच्या पंचवीस अंश खाली, म्हणजे ‘25 अंडरप्रूफ’, ती 42.8. मुंबई इलाख्याच्या अबकारी खात्याने दुकानातून विकायच्या दारूचे जे ठरावीक दर्जे केले, त्यांतला हा एक. दुसरा होता साठ अंडरप्रूफ, म्हणजे साधारण 23 टक्के. इंग्रज गेले, प्रूफ गेलं, आकडा राहिला.

आता इथल्या मूळ पेयांकडे येऊ. किनाऱ्यावर, केळवे-माहीमपासून चिंचणी-तारापूरपर्यंत, झाडाचा रस. नारळाची ती माडी, ताडाची ती ताडी, खजुरीची ती शिंदी. पहाटे उतरवलेली गोड, दुपारी आंबट, संध्याकाळी चढणारी. आत डोंगराकडे गेलं की मोह. चैत्राच्या आसपास रात्री फुलं गळतात, सकाळी बायका-मुलं ती वेचतात, वाळवतात, भिजवून आंबवतात आणि मडक्यातून उकळून थेंब पाडतात. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द आपण गमतीने वापरतो, तो या भट्टीवरचा आहे. आधी येते ती धार तेज, नंतरची हळूहळू फिकी होत जाते.

चव मी वर्णन करत बसत नाही, सभागृहातल्या ज्येष्ठांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. (हशा) पण एक गोष्ट लक्षात घ्या. ताडी साठवता येत नाही, लांब नेता येत नाही. मोह मात्र वाळवून वर्षभर ठेवता येतो आणि कुठल्याही झोपडीत गाळता येतो. कर वसूल करणाऱ्याच्या नजरेने पाहा. एक पेय मोजायला मिळत नाही, दुसरं जागोजागी लपून बसलंय.

यावरचा उपाय म्हणजे 1878 चा मुंबई अबकारी कायदा. तो घडवणारा अधिकारी चार्ल्स प्रिचर्ड. गावोगावच्या भट्ट्या बंद, गाळणं ठरावीक मोठ्या कारखान्यांतच आणि विक्री मक्तेदाराच्या दुकानातून. ताडीवर झाडागणिक कर होताच, तो चांगलाच वाढला. आपला तालुका तेव्हा ‘माहीम तालुका’ होता. गॅझेटियर वाचताना मुंबईच्या माहीमशी गल्लत करू नका, पुष्कळांची होते. ज्याच्या अंगणात ताड, त्यालाच तो छेदायला परवाना लागायला लागला.

मोहाचं तर आणखी पुढे गेलं. 1892 साली खास मोहाचा कायदा आला, तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. फुलं गोळा करणं आणि बाळगणं यावरच बंधन. दारूवर नव्हे हं, फुलावर! आणि गंमत बघा. सरकारमान्य दारूही मोहाचीच होती. ती उरणच्या भट्ट्यांत बनायची, बहुतेक पारशी मालकीच्या, आणि तिच्यासाठी फुलं यायची गुजरातेतून, पंचमहालातून. म्हणजे जव्हारच्या वाटेवरच्या वारल्याने स्वतःच्या दारातलं फूल उचललं की गुन्हा, आणि दोनशे-अडीचशे मैलांवरून आलेल्या फुलाची दारू पैसे टाकून घेतली की कायदेशीर. पैसे नसले तर उधारी. उधारीवर व्याज, व्याजापायी जमीन. दुकानदार, सावकार आणि जमीनदार ही पुष्कळदा एकाच घरातली माणसं असायची. या भागातल्या आदिवासींची जमीन कशी गेली, याचा शोध घेताना दारूच्या दुकानाच्या वहीपाशी थांबावंच लागतं.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. लंडनमध्ये 1736 च्या जिन कायद्याने परवान्याला वर्षाला 50 पौंड आणि गॅलनला 20 शिलिंग कर लावला. गरिबांनी जिन सोडावी हा हेतू. परवाने फारच थोड्यांनी काढले, चोरटी विक्री फोफावली आणि 1743 मध्ये कायदा गुंडाळावा लागला. तिथल्या गरिबाने चोरून पिऊन उत्तर दिलं. आपल्याकडेही चोरून गाळणं चाललंच होतं, पण एक उत्तर असं आलं की ज्याची कुणी कल्पना केली नव्हती.

1922 च्या सुमारास देवीची साथ आली, तेव्हा पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांमध्ये देवी अंगात यायला लागली. तिची आज्ञा होती, दारू सोडा, ताडी सोडा, मांस-मासे सोडा. मासेमारी करणाऱ्यांना मासे सोडा! ही लाट किनाऱ्याने वर सरकली, मग आत डोंगरात शिरली आणि वर्षअखेरीस सुरत जिल्ह्यापर्यंत पोचली. तिकडच्या आदिवासींनी तिला नवा अर्थ दिला. दारू विकणाऱ्या आणि जमिनी धरून बसलेल्या पारशांवर बहिष्कार घातला. डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर अख्खं पुस्तक लिहिलंय. गुजरातेत तिचा अभ्यास होतो. ती सुरू झाली आपल्या किनाऱ्यावर, आणि इथे तिचं नावही फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

दारू वाईट म्हणून ती सोडली, एवढाच याचा अर्थ मी घेत नाही. जी दारू पूर्वी स्वतः गाळायची, देवाला वाहायची, लग्नात वाटायची, ती आता दुकानातून विकत घ्यावी लागत होती. तिचा घरच्या देवाशी असलेला संबंधच तुटला होता.

स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल 1950 पासून सबंध मुंबई राज्यात बंदी झाली. तरी आजारपणाच्या दाखल्यावर परमिट मिळत होतं. ज्याचा डॉक्टर ओळखीचा, त्याला व्हिस्की आणि जिन कायदेशीर. मोहाच्या भट्टीवाल्याला कुठला डॉक्टर दाखला देणार? बंदी 1960 च्या दशकात सैल होत गेली, 1973 मध्ये देशी दारूचे नियम आले, आणि साखर कारखान्यांच्या मळीची दारू ‘देशी’ या नावाने तारापूर औद्योगिक वसाहतीच्या कामगारांपर्यंत पोचली. पालघरच्या दृष्टीने ती देशी कशी, हा मला आजवर न सुटलेला प्रश्न आहे. 1949 चा कायदा मात्र अजून जिवंत आहे. बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं वय हवं, आणि कागदोपत्री प्रत्येक पिणाऱ्याकडे परवाना हवा.

आता किमती. जून 2025 मध्ये राज्य सरकारने 180 मिलीच्या बाटलीसाठी किमान दर ठरवले. देशी 80 रुपये, धान्यापासूनची नवी ‘महाराष्ट्र मेड लिकर’ 148, भारतीय बनावटीची विदेशी 205, प्रीमियम विदेशी 360. मघाचे चुलत भाऊ आठवा. संत्रा 80 च्या रांगेत, साधी जिन 205 च्या रांगेत. हा फरक चवीने पडलेला नाही, वर्गवारीने पडलाय. शेजारी दमण आहे, तिथे कर कमी. तलासरी-डहाणूकडे दमणच्या दारूच्या गाड्या पकडल्याची बातमी का येत राहते, ते या आकड्यांतच आहे.

ताडीची स्थिती सगळ्यांत वाईट. झाडं कमी, चढणारे कमी, पण केंद्रांवर ताडी भरपूर. मग ती येते कुठून? क्लोरल हायड्रेट मिसळलेल्या ताडीचे गुन्हे राज्यात वारंवार नोंदले जातात. जी पहाटेची गोड चव मघाशी सांगितली, ती शहरातल्या ग्लासात शोधू नका.

आणि मोह? 2021 मध्ये सरकारने फुलांवरचे निर्बंध उठवले, 2022 मध्ये मोहाच्या दारूला विदेशी मद्याच्या वर्गात जागा द्यायचं ठरलं. 2024 मध्ये डहाणूच्या एका डिस्टिलरीने मोहाची दारू उंची बाटलीत बाजारात आणली. ती आता मुंबईच्या बारमध्ये जिनच्या शेजारी मांडलेली असते, कॉकटेलमध्ये जाते.

श्रोत्यांतून प्रश्न आलाय, मग गावातल्या माणसाला आता मोह गाळता येतो का? नाही. फूल वेचता येतं, विकता येतं. गाळायला आजही परवाना लागतो, आणि तो एका मडक्यासाठी मिळत नाही.